टिकलीच्या भरवशावर

भिंतीतली वीज जिथे पोहोचत नाही, तिथे ती नेऊन देणारा मी एक जुना एक्स्टेन्शन बोर्ड आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणीतरी असेल. कपाटामागे, टेबलाखाली, नाहीतर गणपतीच्या मखरामागे तो पडून असतो. त्याच्याकडे कुणी पाहत नाही, कारण तो मुकाट्याने काम करत असतो. मीही तसाच होतो. मात्र एका उन्हाळ्यात एका बाईचा जीव माझ्या वायरीच्या टोकाशी येऊन थांबला. त्या उन्हाळ्याची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या मागे विजेच्या सामानाची लहान लहान दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात माझा जन्म झाला. प्लायवूडची पेटी, तिच्यावर पांढरं सनमायका, तीन सॉकेट, प्रत्येकाला एक बटण, एक फ्यूज आणि वीज आली की लागणारा लाल दिवा. पेटीतून एक लांब वायर निघे आणि तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग होता.

त्या वायरीच्या पोटात तीन तारा होत्या. लाल तारेतून वीज येते, तिला फेज म्हणतात. काळ्या तारेतून ती परत जाते, ती न्यूट्रल. तिसरी तार हिरवी. तिच्यातून एरवी काहीच वाहत नाही. एखाद्या यंत्राच्या आतली तार उघडी पडली आणि वीज त्याच्या पत्र्यात उतरली, तर त्या विजेला गुपचूप जमिनीत नेऊन सोडायचं, एवढंच तिचं काम असतं. कारागीर तिला ‘अर्थ’ म्हणतात. प्लगमधली सर्वांत जाड आणि लांब पिन तिचीच असते. प्लग खोचताना तीच आधी आत जाते आणि काढताना तीच शेवटी बाहेर येते. संरक्षण सर्वांत आधी यावं आणि सर्वांत शेवटी जावं, म्हणून तिची घडण तशी असते.

मला विकत घेतलं ते शिवराजने. तो वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता आणि त्याची बायको सुरेखा शाळेचे गणवेश शिवायची. दोघं मूळचे गंगापूरकडचे. त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मशीन मावत नव्हती, म्हणून सुरेखाने पडेगावात एका बंगल्याचं गाडी ठेवायचं गॅरेज भाड्याने घेतलं. बंगला व्यंकटराव आणि उमाकाकू यांचा होता. त्यांचा मुलगा मिहिर पुण्याला गेला, गाडीही घेऊन गेला, आणि गॅरेज रिकामं पडलं होतं.

गॅरेजमध्ये विजेचा एकच पॉइंट होता. कुणीतरी फार पूर्वी पहारेकऱ्याच्या रेडिओसाठी बसवलेला, दोन पिनांचा. सुरेखाने तिथे तीन पिनांचा नवा पॉइंट बसवू द्या म्हणून विचारलं, तेव्हा व्यंकटरावांनी हळूच भिंतीवरून हात फिरवला.

“सुरेखाताई, भिंतीला तेवढा हात लावू नका. दिवाळीतच रंग दिलाय. तात्पुरतं काय करायचं ते करा.”

‘तात्पुरतं’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो तात्पुरता मीच होतो. पुढची तीन वर्षं मी तात्पुरताच राहिलो.

शिवराजने माझा प्लग भिंतीला लावून पाहिला. जाड पिन आडवी आली. भिंतीत तिच्यासाठी भोकच नव्हतं. त्याने पिशवीतून पकड काढली.

“काय करताय?” सुरेखाने विचारलं.

“ही पिन काढतो. अगं, करंट एकीतून येतो, दुसरीतून जातो. ही जाडी नुसती आधाराला असती, प्लग डुगडुगू नये म्हणून.”

“मग बनवणाऱ्यांनी उगंच दिली का?”

“त्यांच्याकडं पितळ जास्त झालं असंल. हिच्यात काही अर्थ नाही बघ.”

मित्रांनो, शब्दाची गंमत पाहा. तिचं नावच अर्थ होतं. शिवराजने पकडीने ती फिरवली आणि उपसून काढली. हिरव्या तारेला काळी टेप गुंडाळून प्लगच्या आत दुमडून ठेवली. मग प्लग भिंतीत सहज बसला. माझा लाल दिवा लागला, सुरेखाच्या मशीनची मोटर घरघरली आणि दोघं हसले. मला वाईट वाटलं, पण सांगणार कुणाला? मी काम करू लागलो.

सुरेखा निष्काळजी नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. इस्त्री माझ्यावर लावायची नाही, तिच्यामुळे माझी वायर तापते, हा नियम तिचाच. रोज संध्याकाळी ती माझ्या पेटीवरचे दोरे आणि कापसाचे तंतू झाडून काढायची. गेलेली लाइट परत येताना कधी कधी जोरात येते आणि मोटर जळते, म्हणून लाइट गेली की ती आधी माझा प्लग भिंतीतून काढायची. माझ्या वायरीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून तिने ती भिंतीच्या कडेने नेली होती आणि तिच्यावर विटा ठेवल्या होत्या. एका मशीनच्या दोन झाल्या, तनुजा नावाची मुलगी कामाला आली. कॉलेज संपवून आलेली, बोलकी, टेपरेकॉर्डरसारखी न थांबणारी. सुरेखाचं आणि तिचं छान जमलं. मी दोघींना वीज देत राहिलो. कुणी येऊन गॅरेजची वाखाणणी केली की तनुजा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, “हे आमचं सबस्टेशन.” मला ते आवडायचं.

मग तिसऱ्या उन्हाळ्यात कूलर आला.

तो लोखंडी पत्र्याचा होता, वापरलेला, दोन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या लावलेला. गॅरेजचं छत तापायचं आणि घामाचे डाग पांढऱ्या शर्टांवर पडायचे, म्हणून तो घ्यावाच लागला. त्याचा प्लग माझ्या तिसऱ्या सॉकेटमध्ये आला. त्याच्या प्लगला तीनही पिना होत्या. त्याची हिरवी तार माझ्या हिरव्या तारेशी जोडली गेली आणि माझी हिरवी तार टेपमध्ये गुंडाळलेली होती. तिथून पुढे रस्ता नव्हता.

कूलरच्या आत पाण्याचा पंप असतो. त्या पंपाकडे जाणारी वायर पत्र्याच्या एका धारेवर टेकली होती. कूलर चालू झाला की पत्रा थरथरायचा आणि धार वायरीवर घासायची. रोज थोडी. रबर झिजत चाललं होतं आणि ते मला कळत होतं, कारण कूलर चालू असताना माझ्या तारांमधून जेवढी वीज जायची, त्यातली एक बारीकशी धार कुठेतरी चुकीच्या बाजूला पाझरू लागली होती.

सर्वांत आधी ते तनुजाला जाणवलं.

“ताई, कूलरला हात लावला की मुंग्या येतात.”

“ओला असंल हात.”

“नाही, कोरडा होता. लाडात आलाय तुमचा कूलर. गुदगुल्या करतोय.”

सुरेखाने स्वतः बोट लावून पाहिलं आणि झटक्यात मागे घेतलं. त्या दिवसापासून गॅरेजमध्ये चपला घालूनच काम करायचं ठरलं. रबरी चपलेतून वीज जमिनीकडे जात नाही. मग मुंग्या येत नाहीत. एवढं दोघींना ठाऊक होतं आणि ते बरोबरही होतं. शिवराजला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “रविवारी खोलून बघतो.” त्या रविवारी त्याला कारखान्यात जादा पाळी लागली. पुढच्या रविवारी गावाकडे लग्न निघालं.

अशात एकदा उमाकाकू ब्लाउजचं माप द्यायला गॅरेजमध्ये आल्या. बोलता बोलता त्यांचा हात कूलरला लागला.

“अगंबाई. करंट मारतोय की हा.”

“हां काकू, जरासा मारतो. चपला घालतो आम्ही.”

“आमच्या मिक्सरचं असंच होतं,” उमाकाकू म्हणाल्या. “त्याचा प्लग उलटा करून लावला ना, की शहाण्यासारखा वागतो. मी खूण करून ठेवलीय नेलपॉलिशने. तू पण उलटा लावून बघ.”

सुरेखाने माझा प्लग काढला. जाड पिन असती तर तो उलटा बसलाच नसता. ती नव्हती, म्हणून बसला. सुरेखाने भीत भीत कूलरला हाताची पालथी बाजू लावली. काही नाही. मग तळवा लावला. काही नाही. तनुजाने चप्पल काढून लावला. काही नाही.

“काकू, तुम्ही तर इंजिनिअर निघालात,” तनुजा म्हणाली, आणि तिघी हसल्या.

मित्रांनो, काय झालं होतं ते नीट समजून घ्या. दोष गेला नव्हता. झिजलेली तार पत्र्याला टेकलेलीच होती. फक्त आधी त्या तारेत फेज यायची, आता प्लग उलटा झाल्यामुळे तिच्यात न्यूट्रल येऊ लागली. न्यूट्रलला हात लागला तर सहसा काही जाणवत नाही. म्हणजे दुखणं तिथेच होतं, ओरडणं तेवढं बंद झालं होतं. आणि ज्याचं ओरडणं बंद होतं, त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. रविवारी कूलर खोलायचं राहून गेलं, ते मग निघालंच नाही.

माझ्या प्लगची कुठली बाजू वर असायला हवी, ते लक्षात राहावं म्हणून खूण हवी होती. नेलपॉलिश तिथे नव्हतं. सुरेखाच्या मशीनच्या अंगावर मात्र दोन-तीन जादा टिकल्या नेहमी चिकटवलेल्या असायच्या. त्यातली एक लाल टिकली काढून तिने माझ्या प्लगच्या वरच्या बाजूला लावली.

“टिकली वर असली की सगळं बरोबर,” ती म्हणाली. “तनुजा, ध्यानात ठेव. टिकली वर.”

“टिकली वर,” तनुजा म्हणाली. “सौभाग्यवती बोर्ड.”

मे महिन्यात गणवेशांची घाई सुरू झाली. काजं, बटणं, हातशिलाई यांना माणूस कमी पडू लागलं, तेव्हा गावाकडून सुरेखाच्या सासूबाई आल्या. त्यांचं नाव दगडाबाई. सुरेखा त्यांना आत्या म्हणायची. काटक बाई, हाताला वेग होता आणि तोंडालाही. पहिल्याच दिवशी त्या गॅरेजच्या दारात थबकल्या.

“अगं, चपला घालून बसता व्हय मशीनीवर?”

“आत्या, ते कूलरचा करंट...”

“अजून मारतंय का करंट?”

“नाही, आता नाही मारत.”

“मग? जिच्यावर पोट भरतं ती लक्षुमी असती. तिच्यापुढं चपला घालून बसत्यात का कुणी? आन् एवढं पांढरं कापड खाली हातरलंय. काढा त्या बाहेर.”

सुरेखाने चपला काढल्या. तनुजानेही काढल्या. मला त्या क्षणी फार अस्वस्थ वाटलं. आत्तापर्यंत त्यांच्या आणि जमिनीच्या मधे दोन गोष्टी होत्या. एक रबराची चप्पल आणि दुसरी ती टिकली. आता एकच उरली. एका बोटाने निघेल एवढी.

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. मला फक्त दिवा लावता येतो, आणि वीज सुलट आली काय, उलट आली काय, माझा दिवा सारखाच लागतो.

टिकलीचा डिंक उन्हाने सैल व्हायचा. एकदा-दोनदा ती निसटू लागली, तेव्हा सुरेखाने ती बदलली. पण बदलताना माझा प्लग भिंतीतच होता, म्हणून वरची बाजू कुठली याबद्दल शंका नव्हती. पंपाची वायर इकडे घासतच होती. मेअखेर रबर पार फाटलं. आतलं तांबं उघडं होऊन थेट पत्र्याला चिकटलं. पूर्वी पाझर होता, आता दार सताड उघडं होतं. आणि बाहेरून पाहिलं तर सगळं शांत. कूलर गार वारा देत होता, दगडाबाई रोज दोन वेळा बादलीने त्यात पाणी भरत होत्या, भरताना डावा हात पत्र्याच्या कडेवर ठेवत होत्या. ओल्या सिमेंटवर, अनवाणी. मी रोज दोन वेळा तो हात तिथे टेकताना पाहायचो.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. त्या दुपारी वावटळ उठली, रस्त्यावरची धूळ शटरखालून आत आली आणि लाइट गेली. सवयीप्रमाणे सुरेखाने माझा प्लग काढून खाली सोडला. तनुजाने धूळ झाडायला केरसुणी घेतली. केरसुणी माझ्या प्लगवरून गेली आणि आधीच सैल झालेली टिकली फरशीवर पडली.

लाइट आली तेव्हा तनुजाला ती दिसली.

“ताई, प्लगची टिकली पडली होती. लावते बरं का परत.”

सुरेखा एका कॉलरची टोकं उलटवत होती. तिने मान वर केली नाही. “हां, लाव.”

तनुजाने टिकली फुंकून स्वच्छ केली. माझा प्लग हातात घेतला. मित्रांनो, त्या प्लगच्या दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या होत्या. जाड पिन असती तर कुठली बाजू वरची हे आंधळ्यालाही कळलं असतं. तनुजाने मनापासून, बोटाने दाबून टिकली चिकटवली. समोर आली त्या बाजूला. आणि टिकली वर ठेवून, सांगितल्याप्रमाणे, प्लग भिंतीत लावला.

माझा लाल दिवा लागला. मशीन सुरू झाल्या. कूलर फिरू लागला. आणि माझ्या तारांमधून वीज उलटी वाहू लागली. आता त्या उघड्या तांब्यात फेज होती. कूलरचा सगळा पत्रा, चारही बाजूंनी, जिवंत झाला होता.

कुणाला काही कळलं नाही, कारण कळण्यासारखं काही नव्हतंच. तनुजाची खुर्ची कूलरपासून हातभर अंतरावर होती. ती हसता हसता मागे रेलली की तिची पाठ पत्र्याच्या जवळ जायची आणि परत पुढे यायची. मला वाटत होतं, निदान माझा फ्यूज तरी जावा. पण फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नसतो. माझा फ्यूज पाच अँपिअरचा. त्याच्या शंभराव्या भागाइतकी वीज छातीतून गेली तरी काळीज थांबू शकतं, आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

थोड्या वेळाने पंप खरखरू लागला. पाणी संपत आलं होतं.

“मी भरते,” दगडाबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा तसाच ठेवून उठल्या.

“आत्या, बटण बंद करा आधी,” सुरेखाने आठवण केली. तो तिचा नियम होता.

“केलं गं बाई, केलं.”

त्यांनी खरंच केलं. कूलरचं बटण बंद केलं, माझ्यावरचंही केलं. पंखा फिरत फिरत थांबला. मशीन चालू होत्या, पण कूलरचा आवाज गेल्यामुळे एकदम शांत वाटलं. दोन्ही बटणं बंद म्हणजे वीज बंद, असं तुम्हालाही वाटलं असतं. पण बटण एकच तार तोडतं, फेजची. आज फेज दुसऱ्या तारेतून येत होती आणि ती तार तुटलेली नव्हती. पंखा थांबला होता. पत्रा जिवंतच होता.

दगडाबाईंनी बादली उचलली. थोडं पाणी हिंदकळून त्यांच्या पायांवर सांडलं. त्यांनी डावा हात नेहमीच्या जागी, पत्र्याच्या कडेवर ठेवला.

त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. बादली खाली पडली. विजेने हाताचे स्नायू आवळले जातात, म्हणून हात सुटत नाही, उलट मूठ घट्ट होते. त्यांची मूठ पत्र्याच्या कडेवर आवळली गेली. अंग ताठ झालं. डोळे समोर, कशावरच नाहीत.

तनुजा खुर्ची ढकलून त्यांच्याकडे धावली.

“हात लावू नको त्यांना,” सुरेखा ओरडली.

तनुजाचा हात हवेतच थांबला. सुरेखा दगडाबाईंकडे गेली नाही. ती उलट्या दिशेला, भिंतीकडे धावली. तिने माझी वायर दोन्ही हातांनी धरली आणि सगळ्या अंगाने मागे ओढली. विटा उडाल्या. माझा प्लग भिंतीतून निसटला, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, तोडलं गेल्याचा मला आनंद झाला.

दगडाबाई खाली कोसळल्या. मशीन थांबल्या. पडलेल्या बादलीतलं पाणी पांढऱ्या कापडाखाली पसरत होतं.

“आत्या,” सुरेखा त्यांच्या गालावर चापट्या मारत होती. “आत्या, बोला. बोला काहीतरी.”

काही नाही. तनुजाने त्यांच्या नाकापुढे बोटं धरली. मग छाती वर आली. खाली गेली. परत वर आली.

दगडाबाईंनी डोळे किलकिले केले.

“कापड भिजलं का गं सगळं?” त्या म्हणाल्या.

सुरेखाला रडू फुटलं ते तेव्हा.

रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काळजाची तपासणी केली आणि नजरेखाली राहू द्या म्हणाले. डाव्या तळहाताला भाजल्याची खोल खूण होती. बाकी त्या वाचल्या होत्या. का वाचल्या याचं साधं उत्तर आहे. सुरेखाने वेळ घालवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवराज एकटाच गॅरेजमध्ये आला. त्याने आईच्या बादलीला पाय लागू दिला नाही, वळसा घालून माझ्यापाशी आला आणि माझा प्लग हातात घेऊन बसला. थोड्या वेळाने व्यंकटराव आणि उमाकाकू दारात येऊन उभे राहिले.

“ही पिन कुणी काढली?” व्यंकटरावांनी विचारलं.

“मी काढली,” शिवराज म्हणाला. मग थांबून म्हणाला, “पण काका, तुमच्या भिंतीत तिसरं भोकच नव्हतं.”

व्यंकटरावांनी त्या जुन्या पॉइंटकडे पाहिलं. मग त्याच्याभोवतीच्या स्वच्छ, फिक्या रंगाकडे पाहिलं.

“हो. नव्हतं.”

“आणि उलटा लाव म्हणून मी सांगितलं,” उमाकाकू म्हणाल्या. त्या वळल्या आणि झपझप वर गेल्या. वरून कपाट उघडल्याचा आणि तो उलट्या प्लगचा मिक्सर आत ठेवल्याचा आवाज आला.

“कुणाला बोलवायचं ते बोलवा,” व्यंकटराव म्हणाले. “भिंत फोडायला लागली तर फोडा.”

धम्मपाल नावाचा वायरमन आला. त्याने आधी मेन बोर्ड पाहिला, मग बागेत एक खोल खड्डा खणवून घेतला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वरून माती आणि पाणी ओतायला एक नळी. तिथून जाड तार आणून भिंत फोडून गॅरेजमध्ये तीन पिनांचे पॉइंट बसवले. वीज चुकीच्या वाटेला जाऊ लागली की क्षणात सगळं बंद करणारा एक स्विचही बसवला. कूलर खोलून पंपाची वायर नवी टाकली आणि पत्र्याच्या धारेवर रबर चढवलं. मलाही नवा प्लग मिळाला, जाड पिनेचा. माझ्या हिरव्या तारेवरची टेप त्याने सोडवली, तेव्हा आतलं तांबं नव्यासारखं चमकत होतं. तीन वर्षं त्याला कामच नव्हतं.

“काका,” जाताना धम्मपाल म्हणाला, “उन्हाळ्यात या नळीत रोज तांब्याभर पाणी घालत जा. जमीन कोरडी पडली तर अर्थिंग काम करत नाही. आणि हा स्विच आहे ना, याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. नुसतं बसवून भागत नाही.”

दगडाबाई गॅरेजमध्ये परत आल्या तेव्हा शाळा सुरू झाल्या होत्या. हाताला पट्टी होती. बागेत व्यंकटराव वाकून नळीत पाणी घालत होते.

“मालक, काय लावलंय तिथं?”

“काही नाही, ताई. विजेला पाणी घालतोय.”

दगडाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग आत आल्या. कूलर बंद होता. सुरेखाने मुद्दामच बंद ठेवला होता. तनुजाच्या मशीनचा आवाज थांबला. दगडाबाई कूलरसमोर उभ्या राहिल्या. जवळ गेल्या नाहीत.

“ह्याला इकून का नाय टाकला?”

“दुरुस्त केलाय, आत्या. नको वाटत असंल तर काढून टाकू.”

“काय दुरुस्त केलं? मला बी सांग. मला कळू दे.”

सुरेखा उठून त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिने त्यांना माझा नवा प्लग दाखवला, ती जाड पिन दाखवली, माझी हिरवी तार दाखवली, भिंतीतून बागेकडे जाणारी वाट बोटाने दाखवली.

“बिघाड पुन्हा होऊ शकतो, आत्या. यंत्र आहे. पण आता वीज पत्र्यात उतरली, तर तिला जमिनीत जायला ही वाट आहे. ती तिकडून निघून जाईल, आणि तो मेन बोर्डातला स्विच पडून सगळं बंद होईल.”

दगडाबाईंनी त्या वाटेकडे पाहिलं. पिन, तार, भिंत, बाग. मग स्वतःच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं, आणि खाली, स्वतःच्या अनवाणी पायांकडे.

“म्हंजी आदी ही वाट नव्हती,” त्या म्हणाल्या.

“नव्हती.”

“तवा वाट मी व्हते.”

मग त्यांनी सुरेखाला कूलर चालू करायला सांगितलं, आणि दारात जाऊन चपला घालून आल्या.

मित्रांनो, मी एक साधा बोर्ड आहे. मी फार शिकवू शकत नाही. पण तुमच्या घरात एखाद्या वस्तूला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर ती गंमत म्हणून हसण्यावारी नेऊ नका. प्लग उलटा करून तिला गप्प करू नका. कुणी जाड पिन उपसायला पकड उचलली, तर त्याला थांबवा. ती वस्तू बंद करायला लावा, प्लग भिंतीतून काढायला लावा आणि ती दुरुस्त होईपर्यंत मोठ्यांच्या मागे लागा. वीज वाट शोधतच असते. ती वाट तुमच्या घरातल्या कुणाच्या अंगातून जाऊ देऊ नका.